ऑर्डर सहा सीटची, गाडी सात सीटची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२५ डिसेंबरला आमच्याकडे ग्वाल्हेरचा व्यापार मेळा लागेल म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय, नंतर लिहून काही उपयोग नाही कारण तोवर अर्ध्या लोकांनी गाडीच्या बुकिंगचं टोकन भरलेलं असतं. (आम्ही इथले लोक मेळा म्हणत नाही, हिंदीवाल्यांसारखं मेलाच म्हणतो. माझी पुण्याची मावशी पहिल्यांदा आली तेव्हा शेजारीण दारातून ओरडली, मेला सुरू झाला हो, तर मावशीने घाबरून विचारलं कोण गं? म्हणून तुमच्या वाचकांसाठी मेळाच लिहिते.)

१९०५ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेला हा मेळा. लहानपणी आम्ही तिथे सॉफ्टी आणि ताटाएवढा पापड खायला जायचो, आता लोक गाडी घ्यायला जातात. कारण सरकार मेळ्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या रोड टॅक्सवर ५० टक्के सवलत देतं. अट अशी की गाडी मेळ्यात दुकान लावलेल्या डीलरकडूनच घ्यायची आणि पक्कं रजिस्ट्रेशन ग्वाल्हेर आरटीओचं, म्हणजे एमपी ०७ नंबर. बाहेरगावचे डीलरसुद्धा इथलं ट्रेड सर्टिफिकेट काढून येतात. आमची जी गाडी ठरली होती ती एक्स-शोरूम साडेचौदा लाखाची, दहा टक्क्याने टॅक्स होतो १ लाख ४५ हजार, त्याचे निम्मे म्हणजे ७२,५०० रुपये वाचणार होते. एवढ्यासाठी माणूस तीनचार महिने थांबतो आणि थांबलंच पाहिजे, मी काही त्याच्या विरोधात नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या सवलतीला शेवटची तारीख असते, आणि ज्याने स्वतःच्या गरजेप्रमाणे ठरावीक गाडी सांगून ठेवलीय त्याच्या गळ्यात यार्डातली दुसरीच गाडी मारायला ती तारीख कशी कामाला येते ते मी गेल्या मेळ्यात बघितलं.

शोरूमचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. नाव लिहिलं की लोकांना वाटतं तेवढं एक शोरूम टाळलं की झालं.

तर झालं असं. आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे बदललेले. डावा गुडघा पूर्ण वाकत नाही, गाडीत बसल्यावर पाय जरा लांब करून ठेवावा लागतो. जुन्या गाडीत त्यांना पुढच्या सीटवर बसवून सीट पार मागे सरकवायचो आणि मग त्यांच्या मागे बसणाऱ्याचे हाल. म्हणून ठरवलं की सहा सीटरवाली घ्यायची, जिच्यात मधल्या ओळीत बाक नसतो, दोन सुट्या खुर्च्या असतात, कॅप्टन सीट म्हणतात त्याला. दोन खुर्च्यांच्या मध्ये वाट असते, आईंचा पाय तिथे तिरका बसतो, आणि मुलं त्याच वाटेने मागच्या ओळीत जातात, दर वेळी आईंना उठवून सीट दुमडायची गरज नाही. पेट्रोल, ऑटोमॅटिक कारण गाडी मुख्यतः मी चालवते, आणि रंग निळा. रंगाचा हट्ट माझा, कबूल करते.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. शोरूममध्ये झेंडूची तोरणं, पेढे, सगळं. सेल्सचा मुलगा गोड बोलणारा. मी विचारायचे आणि तो उत्तर ह्यांच्याकडे बघून द्यायचा, हे तर आता सवयीचं झालंय. म्हणाला ही कॉम्बिनेशन स्टॉकमध्ये नाहीये, कंपनीत खास तुमच्या नावाने ऑर्डर लावावी लागेल, बारा ते चौदा आठवडे, म्हणजे बरोब्बर मेळ्यात डिलिव्हरी. आम्ही खूश. २१ हजार टोकन दिलं.

आता तो बुकिंग फॉर्म, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे. मी एका सीएच्या ऑफिसात बावीस वर्षं हिशेब बघते, वकील नाही, पण कागद वाचायची खोड आहे. फॉर्मवर मॉडेलचा खाना, व्हेरिएंटचा खाना, रंगाचे दोन खाने, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. किती सीटची त्याला खानाच नाही. मी म्हटलं सहा सीटर लिहा. तो म्हणाला मॅडम सिस्टिममध्ये टाकलंय. मी म्हटलं तरी लिहा. त्याने लिहिलं, पण कधी, तर खालची कार्बन कॉपी फाडून ट्रेमध्ये ठेवल्यानंतर, माझ्या हातातल्या प्रतीवर. म्हणजे माझ्या कागदावर ६ सीटर आहे आणि त्यांच्या कागदावर नाही. बावीस वर्षं व्हाउचर तपासून मला हे तिथल्या तिथे दिसायला हवं होतं, दिसलं नाही, कारण सणाचा दिवस होता आणि ह्यांनी पेढा पुढे केला होता. आणि रंगाच्या दुसऱ्या पसंतीच्या खान्यात मी काहीच सांगितलं नव्हतं तर तिथे त्याने आपणहून लिहून टाकलं, एनी, म्हणजे कोणताही. तीन अक्षरी इंग्रजी शब्द. तेव्हा मला वाटलं फॉर्म भरायची पद्धत असेल.

मग वाट बघणं सुरू. दर पंधरा दिवसांनी फोन केला की एकच उत्तर, ऑर्डर लागलीय, प्रॉडक्शनमध्ये आहे. मेळा लागला. सवलतीचा आदेश निघाला जानेवारीत. तो निघेपर्यंत कोणी बिल करून घेत नाही, आणि निघाला की सगळे एकदम तुटून पडतात, हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. संक्रांत गेली. आमचा नंबर नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कळलं की तो गोड मुलगा नोकरी सोडून गेला. नवीन मुलगा म्हणाला मी फाइल बघून सांगतो.

२० फेब्रुवारीला फोन आला, गाडी आली, अभिनंदन, उद्या यार्डात येऊन बघून घ्या, २२ ला पैसे भरा, २४ ला पासिंग, २५ ला मेळा संपतोय. आम्ही आईंनाही घेऊन गेलो. शहराबाहेरचं यार्ड, पत्र्याचं कुंपण, आत ओळीने गाड्या, सगळ्यांवर धुळीचा थर. आमची म्हणून जी दाखवली ती चंदेरी. ठीक आहे म्हटलं, एनी लिहिलंय तर भोगा. दार उघडलं तर मधल्या ओळीत आडवा बाक. सात सीटर.

मी काही बोलायच्या आधी आई काठी माझ्या हातात देऊन आत बसायला गेल्या. उजवा पाय आत घेतला, डावा घेता येईना, मग दोन्ही हातांनी मांडीला धरून आत ओढला, गुडघा पुढच्या सीटच्या पाठीला टेकला. तशाच बसून राहिल्या थोडा वेळ आणि म्हणाल्या, अगं पण मी पाय ठेवू कुठे? नवीन मुलगा म्हणाला, मांजी को आगे बिठा लेना. यासाठी आम्ही चार महिने थांबलो होतो.

तोवर मी गाडीभोवती फिरत होते. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. इथे होतं ३१२४. म्हणजे २०२४ चा एकतिसावा आठवडा, जुलै संपता संपता. टायर काय आधी बनून पडलेला असू शकतो म्हणून गाडी कधीची ते विचारलं, तर कोणी सांगेना. गाडीचा १७ अक्षरांचा चॅसिस नंबर असतो, त्यात बनल्याचा महिना आणि वर्ष कोडमध्ये असतं पण कुठलं अक्षर कशाचं ते कंपनीगणिक वेगळं. सरळ मार्ग म्हणजे फॉर्म २२ मागायचा. तो कंपनी देते, रजिस्ट्रेशनला लागतोच, आणि त्यावर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते छापलेलं असतं. मुलगा म्हणाला तो बिलिंगनंतर मिळतो. मी म्हटलं मग बिलिंग पण फॉर्म २२ नंतर. अर्ध्या तासाने मोबाइलवर फोटो दाखवला, ऑगस्ट २०२४.

आता जरा इथे थांबा. आम्ही बुकिंग केलं १२ ऑक्टोबरला. गाडी बनली ऑगस्टमध्ये. म्हणजे जी गाडी खास आमच्या नावाने ऑर्डर लावून प्रॉडक्शनमध्ये होती असं मला चार महिने सांगत होते ती आम्ही शोरूमची पायरी चढायच्या दोन महिने आधीच बनून उभी होती! ऑर्डर लागलीच नव्हती. त्यांच्याकडे सात सीटर चंदेरी पडून होती, ती मेळ्याच्या शेवटच्या पाच दिवसांत कोणाला तरी खपवायची होती, आणि आमच्या फॉर्मवर एनी होतं आणि त्यांच्या कॉपीवर सहा सीटर नव्हतं. मीटरवर ४८ किलोमीटर दिसत होते, त्याचं मला फार काही वाटलं नाही, यार्डातून यार्डात जाताना तेवढे होतात. पण २०२४ ची गाडी २०२५ च्या फेब्रुवारीत घेतली की विकताना ती २०२४ चीच धरतात, हे जुन्या गाड्यांच्या बाजारात कोणीही सांगेल.

मग आम्हाला केबिनमध्ये नेलं. चहा आला. तिथलं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं आठवतंय. मोठे साहेब म्हणाले, मॅडम, सहा सीटर कंपनीने कमी बनवलेत, येणार कधी ते देवालाच ठाऊक, पण २५ नंतर ७२ हजार तुमचे गेले, ते मी नाही देऊ शकणार, आता विचार तुम्ही करा. मग त्यांनीच तोडगा काढला, ही सात सीटर घ्या, रजिस्ट्रेशन होऊन जाऊ द्या, मधला बाक काढून कॅप्टन सीट आपण बाहेरून बसवून देऊ, ओळखीचा सीटकव्हरवाला आहे, फॅक्टरीसारखं करतो.

हे ऐकून ह्यांचे डोळे चमकले, खोटं कशाला सांगू. पण हे करू नका हो कोणी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात जी गाडी बनवली आणि जे आरसीवर नोंदलंय त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच धरून निकाल दिलाय. आरसीवर सात सीट आणि गाडीत सहा, बेल्टचे हुक मुळात बाकासाठी लावलेले, उद्या काही झालं आणि इन्शुरन्सवाल्याने सर्व्हेयर पाठवला तर तो सीटकव्हरवाला येणार आहे का साक्ष द्यायला? त्यात पुन्हा पोटच्या पोरांना त्या सीटवर बसवायचं.

आम्ही गाडी घेतली नाही. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही, ह्यांचा हिशेब चालू होता ७२,५०० चा आणि माझा त्या कार्बन कॉपीचा. २५ तारीख उलटली.

बुकिंग रद्द करायला गेले तर सांगितलं १० हजार कापून ४५ दिवसांनी मिळतील, फॉर्मच्या मागे लिहिलंय. खरंच लिहिलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. तेव्हा मी कामाला लागले आणि जे कळलं ते इथे लिहिते कारण पुष्कळांना वाटतं की मागे बारीक अक्षरात लिहिलं म्हणजे संपलं.

१९३० चा मालविक्रीचा कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, अजून चालू. त्याचं कलम १५, माल वर्णन सांगून विकला असेल तर तो वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. सहा सीटर सांगून सात सीटर आणली तर ती दुसरी वस्तू झाली. कलम ४१, माल बघून तपासून घ्यायची वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही तो स्वीकारला असं होत नाही. म्हणजे पैसे भरायच्या आधी यार्डात जाऊन बॅटरी, टायर, चॅसिस नंबर बघणं ही त्यांची मेहेरबानी नाही. तिसरं, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४, करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, तीही करार मोडणाऱ्याकडून. इथे करार मोडला कोणी? मी गाडी नको म्हटलं नव्हतं, माझी गाडी आणा म्हटलं होतं.

ही तीन कलमं, फॉर्मची माझ्याकडची प्रत, टायरचा आणि फॉर्म २२ चा फोटो, सगळं लावून शोरूमला स्पीड पोस्ट आणि ईमेल, एक प्रत कंपनीला. कंपनीच्या कस्टमर केअरवाल्या मुलीने फार नम्रपणे सांगितलं की डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, बुकिंगचे पैसे त्याने घेतलेत, आमचं आणि त्याचं नातं प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल, म्हणजे तो आमचा एजंट नाही. मला वाटलं टाळतायत. तर नाही, त्यांच्याकडे कोर्टाचा आधार आहे. गोव्यातल्या एका गिऱ्हाइकाला २०११ मध्ये नवीन म्हणून २००९ चं मॉडेल दिलं होतं, तेही ६२२ किलोमीटर चाललेलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की डीलरच्या या उद्योगाची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. म्हणजे वर बोर्ड कंपनीचा, मुलांच्या शर्टावर नाव कंपनीचं, जाहिरात कंपनीची, आणि भांडण मात्र डीलरशी. त्यामुळे कागद जो करायचा तो डीलरच्या सहीशिक्क्याचाच करा, कंपनीच्या ॲपवरच्या ऑर्डर कन्फर्म्डच्या मेसेजवर विसंबू नका.

मग १९१५ ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइन, हिंदीत बोलतात, तक्रार नंबर देतात. त्यांनी सांगितलं तोडगा नाही निघाला तर जिल्हा ग्राहक आयोगात जा, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृति नावाच्या पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येतं, वकील लागतोच असं नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात एक चांगली गोष्ट आहे की तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार होते, डीलर कुठलाही असो. दोन वर्षांच्या आत करायची. फी तुम्ही किती पैसे दिलेत त्यावर, पाच लाखांपर्यंत शून्य, आणि मी तर २१ हजारच दिलेले. तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. वकील मंडळी हे वाचून हसतील, हसू द्या.

आयोगात जायची वेळ आली नाही. मी तक्रारीचा मसुदा करून त्याची प्रत शोरूमला पाठवली आणि आठवड्याभरात फोन आला, मॅडम आपण घरचेच आहात. २१ हजार पूर्ण परत मिळाले, मे महिन्यात. पण त्याआधी एका कागदावर सही घेतली की माझी कसलीही तक्रार नाही, फुल अँड फायनल. मी केली सही. करायला नको होती असं अजूनही वाटतं, कारण ७२,५०० चं नुकसान मागायचा रस्ता त्या सहीने मीच बंद करून घेतला. पण घरात तीन महिने हाच विषय चालला होता आणि आईंनी एक दिवस सांगितलं की माझ्या पायापायी तुम्ही दोघं भांडू नका, मी रिक्षाने जाईन. मग काय बोलणार.

डीलरची बाजू मला अगदीच कळत नाही असं नाही. आमच्या ऑफिसात एका डीलरचे हिशेब असतात (तो हा नव्हे), यार्डात उभी असलेली प्रत्येक गाडी बँकेच्या पैशावर उभी असते, व्याज रोज चढतं, कंपनी महिनाअखेरीला हवी नको ती गाडी माथी मारते, आणि वर्ष बदललं की कालची गाडी जुनी होते. तो कुठेतरी खपवणारच. मग त्याने सांगावं ना सरळ, की ताई माझ्याकडे ऑगस्टची सात सीटर आहे, अमुक इतके कमी करतो, घेता का? घेणारे आहेत. पण माझी ऑर्डर लावतो सांगून चार महिने माझं टोकन बसवून ठेवायचं, म्हणजे मी दुसऱ्या शोरूमला जायला नको, आणि शेवटच्या आठवड्यात घड्याळ दाखवायचं, याला धंदा नाही म्हणत.

मेळ्यानंतर चौकशी केली तर असे आम्हीच नव्हतो. दौलतगंजातल्या एका ओळखीच्यांनी सनरूफवालं सांगितलं होतं, बिनसनरूफची घेऊन आले. म्हणाले, टॅक्स वाचला ना. माझ्या भाच्याच्या मित्राने शेवटच्या दिवशी घाईघाईत बिल केलं, इन्शुरन्स शोरूमचाच घ्यावा लागेल असं सांगितलं म्हणून तोही घेतला, आणि नंतर कळलं की बाहेर तीच पॉलिसी कितीतरी स्वस्त होती. इन्शुरन्स डीलरकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, विमा नियामकाचे २०१७ पासून तसे नियम आहेत, पण २४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी सहा वाजता नियम कोण काढून दाखवणार.

म्हणून मेळा प्राधिकरणाला आणि परिवहन खात्याला तुमच्या पेपरातून एवढंच सांगायचंय की सवलत सरकारची आहे, आमच्याच करातली आहे, तर ती ज्या दुकानातून द्यायची त्याला जागा देताना बुकिंगचा फॉर्म तरी एकसारखा करा. त्यात सीट किती, रंग कोणता, गाडी कोणत्या महिन्यानंतर बनलेली हवी, द्यायची शेवटची तारीख कोणती हे खाने असू द्या, गिऱ्हाइकाच्या आणि दुकानाच्या प्रतीवर एकच मजकूर असू द्या, आणि डीलरच्या चुकीने ठरलेली गाडी मेळ्यात आली नाही तर टॅक्सचा फरक डीलरने भरायचा असं त्यावर छापून टाका. बघा मग ऑर्डरी कशा वेळेवर लागतात. नाहीतर निदान मेळ्याच्या फाटकावर एक माणूस बसवा जो फॉर्म २२ आणि बुकिंगची तारीख समोरासमोर धरून बघेल, त्याला पाच मिनिटं लागतील.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण लोक विचारतात. पैसे परत आले तेव्हा दुसऱ्या गावच्या डीलरकडे चौकशी केली, त्याने स्पष्ट सांगितलं पाच महिने लागतील. थांबलो. मध्येच २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, आमच्या गटातल्या गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के सेस मिळून ४५ लागायचे ते सरळ ४० झाले. दहा लाखाची मूळ गाडी साडेचौदाला पडायची ती चौदाला आली, ५० हजार वाचले. ही काही माझी अक्कल नव्हे, नशीब. तरी ह्यांनी लगेच वजाबाकी केली, अजून २२,५०० चा तोटाच आहे म्हणे.

काही जण म्हणाले दोन महिने आणखी थांबली असतीस तर पुन्हा मेळा होता, पुन्हा अर्धा टॅक्स. ते खरंय. पण पुन्हा कोणाच्या हातात २५ फेब्रुवारीची तारीख द्यायची माझी तयारी नव्हती, आणि आई ७९ च्या झाल्या. धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, गाडी घरी आली. सहा सीटर, सप्टेंबर २०२५ ची, फॉर्म २२ आधी बघून. आई मधल्या उजव्या खुर्चीत बसतात, डावा पाय वाटेत तिरका, पायाखाली जुनी उशी.

रंग निळाच आहे. त्या डीलरच्या फॉर्मवरही दुसऱ्या पसंतीचा खाना होता. मी त्यावर पेनने आडवी रेघ मारली, रेघेवर सही केली आणि मग कार्बन उचलून खालच्या कॉपीवर रेघ उमटलीय ना ते बघितलं. तिथला मुलगा म्हणाला मॅडम असं कोणी करत नाही.

पत्र लांबलं, कापायचं तर माझा रंगाचा हट्ट कापा, फॉर्म २२ कापू नका. आणि छापणार असाल तर २५ तारखेच्या आत छापा, फेब्रुवारीत नको.

आपली,
जीवाजीगंज, लष्कर येथील एक वाचक
ग्वाल्हेर